चितारी होता कुठं?

१९१८ मध्ये भायखळ्याच्या, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची एक यादी छापून निघाली. मुंबई बेटाचा आणि शहराचा इतिहास दाखवणारे नकाशे, छापील चित्रं आणि फोटो, असा तिचा विषय. ती तयार करणारे सेसिल बर्न्स हे जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य होते आणि या संग्रहालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. संस्थेचा वाढदिवस मोजताना कुणी १८५७ धरतं, कुणी १८७२. मी १९१८ धरतो. तोवर तिथे होतं ते बरंचसं परदेशी प्रदर्शनांच्या निमित्तानं जमलेलं सामान. मुंबईनं स्वतःचा चेहरा पाहायला आरसा घ्यावा, तसं या घरानं काहीतरी केलं ते या यादीत.

आता त्या आरशात माझं गाव दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. मी खारदांड्याचा. १९१८ मध्ये खारदांडा मुंबईत नव्हता.

या संग्रहालयाशी माझी गाठ पडली ती शाळेच्या सहलीत, म्हणजे पडली नाहीच म्हणायची. महापालिकेच्या शाळेतली पोरं राणीच्या बागेत जातात ती हत्ती आणि हरणं बघायला. बागेच्या दारातली ती पिवळट, घड्याळाच्या मनोऱ्याशेजारची इमारत म्हणजे डबे खायला सावली. नीट आत गेलो ते फार उशिरा, २००८ नंतर, बापूसला घेऊन. पहिल्या खेपेला खारहून दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, असं भायखळ्याला उतरलो, तर बुधवार. बुधवारी संग्रहालय बंद असतं. बापूस म्हणाला, "दर्या कवा बंद नसतो." दुसऱ्या खेपेला रविवार बघून गेलो.

बापूस दांड्याचा तांडेल. चाळीसेक वर्षं होडीवर. वरच्या मजल्यावर मुंबईचं दालन आहे. तिथे बंदराच्या एका जुन्या छापील चित्रासमोर तो थांबला. पुढे गलबतं, मागे किल्ल्याची भिंत, चर्चचा कळस. मी बाजूची पाटी वाचायला लागलो. त्यानं पाटीकडे पाहिलंही नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "यो चितारी व्हता कुठं? होरी कुठं नांगरली व्हती यानं?"

मला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. होडीतून किनारा कसा दिसतो हे त्याला ठाऊक. होडीत बसलेल्या माणसाला समोरचं पाणी आडव्या पट्टीएवढं दिसतं. चित्रात पाणी सतरंजीसारखं उलगडलेलं होतं. "ह्यानं झारावर बसून काढलंय," तो म्हणाला, "आणि दर्यात झार नाय."

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी या संस्थेच्या इतिहासात शिरलो, म्हणून तो प्रश्न आधी सांगितला.

मुंबईचं कोरीव छाप्यातलं गाजलेलं जुनं दर्शन शोधायला गेलं तर माणूस पोचतो लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती. संचालकांच्या बैठकीच्या दालनात लावायला कंपनीनं सहा चित्रं करून घेतली: मुंबई, मद्रासचा सेंट जॉर्ज किल्ला, कलकत्त्याचा फोर्ट विल्यम, तेलिचेरी, सेंट हेलेना आणि केप ऑफ गुड होप. इमारती आणि जमीन जॉर्ज लँबर्टनं रंगवली, गलबतं आणि पाणी सॅम्युअल स्कॉटनं. १७३२ मध्ये सहा चित्रांचे चौऱ्याण्णव पौंड दहा शिलिंग चुकते झाले, म्हणजे चित्रामागे पंधरा गिनी. मग १७३६ च्या सुमाराला या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापे निघाले आणि संचालकांच्या भिंतीवरची मुंबई इंग्लंडातल्या घराघरांत जाऊ शकली.

लँबर्ट आणि स्कॉट हे दोघेही हिंदुस्थानात कधी आले नाहीत.

म्हणजे बापूसच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. चितारी लंडनला होता. होडी टेम्समध्ये नांगरलेली. कुणीतरी नेलेली रेखाटनं, नकाशे, खलाशांच्या तोंडची वर्णनं यांवरून त्यांनी मुंबई बांधली. त्या मुंबईत किल्ला असायला हवा तसा भक्कम आहे, कंपनीचे झेंडे फडकताहेत, गलबतं भरलेली आहेत. भागधारकानं चित्र बघावं आणि आपला पैसा सुखरूप आहे अशी खात्री पटून झोपी जावं. आजच्या भाषेत याला बिल्डरचं ब्रोशर म्हणतात. खारला रस्त्यारस्त्यावर अशी चित्रं लागलेली आहेत. त्यांतही समुद्र प्रत्येक खिडकीतून दिसतो, आणि मध्ये पसरलेला कोळीवाडा एकातही दिसत नाही.

ही मुंबईपुरती तऱ्हा नव्हती. त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे इंग्रजांची दुसरी गावं वाढत होती: बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया. त्यांचेही छापे निघत. आज अशा छाप्यांच्या मूळ प्रती फार थोड्या उरल्यात आणि मिळाल्या तर लिलावात मोठी किंमत घेतात. त्यांतला एक मला विशेष जवळचा वाटतो. पेनसिल्व्हेनियाचे मालक पेन घराणं. त्यांच्यातल्या टॉमस पेनना लंडनमध्ये बसून आपलं शहर बघायचं होतं. अडचण अशी की फिलाडेल्फिया सपाट जमिनीवर पसरलेलं. नजरेत भरेल असं त्यात काही नाही. शेवटी जॉर्ज हीप या माणसानं डेलावेअर नदी ओलांडून समोरच्या जर्सीच्या काठावरून चित्र काढलं. नदीकाठचे धक्के, गोदामं, गलबतं, मागे चर्चचे कळस. कळस जरा जास्तच उंच काढलेत असं जाणकार म्हणतात. मालकाला खूश करायचं म्हटल्यावर कळस वाढणारच. चित्र घेऊन लंडनला निघालेला हीप वाटेला लागतो न लागतो तोच वारला. सर्व्हेअर जनरल निकोलस स्कल यानं ते काम पुढे नेलं आणि १७५४ मध्ये चार पत्र्यांवर कोरलेला, जोडला की सुमारे सात फूट लांब होणारा छापा लंडनमध्ये निघाला. कोरणारा होता जेरार्ड व्हँडरगुख्त. कंपनीच्या त्या सहा चित्रांच्या छाप्यांवर ज्याचं नाव येतं, तोच हा. एकाच कारागिराच्या टेबलावर कंपनीची हिंदुस्थानातली ठाणी आणि पेनचं फिलाडेल्फिया.

त्या टेबलावर काय चालायचं ते थोडं सांगायला हवं, कारण छापील चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅलेंडर येतं. घासून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा. त्यावर पोलादी टोकाच्या बुरीन नावाच्या हत्यारानं रेघ न् रेघ कोरायची, आणि तीही उलटी, कारण छापल्यावर डावं उजवीकडे जातं. हात सरकला तर तांबं मागून ठोकून, घासून दुरुस्त करायचं. मग शाई कोरलेल्या चरांत मुरवायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांच्या दाबातून काढायचा. कागद चरात उतरून शाई उचलतो. म्हणून अस्सल छाप्यावर पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागतो आणि रेघ किंचित उठलेली असते. नक्कल ओळखायची पहिली खूण तीच. प्रत्येक प्रतीबरोबर तांबं झिजतं. उशिरा काढलेल्या प्रती फिक्या, आधीच्या गडद.

आपल्याकडे तांब्यावर कोरण्याची विद्या काही परकी नव्हती. शिलाहार, राष्ट्रकूट यांचे ताम्रपट महाराष्ट्रभर सापडतात. पण ते कोरीव तांबं वाचायचं असे. त्यावर शाई लावून कागदावर उमटवायचं डोक्यात यायला पुण्यात चार्ल्स मॅलेट यावा लागला. मॅलेट हा कंपनीचा वकील. नाना फडणविसांना भगवद्गीता छापून हवी होती, आणि त्यासाठी तांबटाकडून पत्रे कोरून घेण्याचा उद्योग सुरू झाला. पुण्यात तो तडीस गेला नाही. पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ मध्ये ताम्रपटांवरून गीता छापली गेली. याच मॅलेटच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट हा चितारी होता. त्याची वेरूळची आणि पुण्याची रेखाटनं आज अमेरिकेत, न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. येल हे नाव ज्याचं, त्या एलिहू येलनं पैसा केला मद्रासला, कंपनीच्या चाकरीत. गंगारामाला पुण्यात शिकवायला असलेला स्कॉटिश चितारी जेम्स वेल्स. तो मात्र मुंबईत खरोखर आला होता. १७९१ आणि १७९२ मध्ये त्यानं मुंबई बेटाची आणि आसपासची बारा दृश्यं काढली. वरळीची खाडी अडवणाऱ्या बांधाचं दृश्य त्यांत आहे, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा मुलूख आहे. साष्टीतली लेणी रेखाटताना तापानं गाठलं आणि १७९५ मध्ये वेल्स गेला. बारा दृश्यांचा संच लंडनमध्ये प्रसिद्ध झाला १८०० साली, त्याच्या पश्चात.

शीवच्या किल्ल्यावरून उत्तरेकडे पाहिलं की खाडीपलीकडे साष्टी. दांडा तिकडचा. मी इतका वेळ फिरत फिरत इथवर आलो, कारण आमचं गाव जुन्या छाप्यांत का नाही याचं उत्तर या खाडीत आहे. कंपनीनं १७३६ च्या सुमाराला मुंबई कोरून घेतली तेव्हा वांद्रं आणि दांडा पोर्तुगिजांकडे होते. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांनी घेतली. १७५४ मध्ये फिलाडेल्फियाचा छापा निघाला तेव्हा दांड्याचा सारा पेशव्यांकडे जात होता. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ च्या डिसेंबरात, आणि सालबाईच्या तहानं १७८२ मध्ये ती त्यांच्याकडे कायम झाली. त्यानंतरही माहीमची खाडी मध्ये होतीच. तिच्यावरचा रस्ता अवाबाई जमशेदजी यांच्या देणगीतून १८४५ मध्ये खुला झाला. बेटावरच्या माणसाला दांडा म्हणजे परमुलूख. परमुलखाचं चित्र कोण काढतो?

संग्रहालयाकडे वळू.

१८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी मुंबईतून वस्तू गोळा केल्या गेल्या. पुढे पॅरिसच्या प्रदर्शनासाठीही. ज्या वस्तूंच्या दोन दोन प्रती होत्या त्यांतली एक इथे ठेवायची ठरली आणि १८५७ मध्ये फोर्टातल्या टाउन बराकींत एक मध्यवर्ती संग्रहालय उघडलं. साल बघा. बंडाची बातमी आली, बराकी पलटणीला हव्या झाल्या आणि संग्रहाची धूळधाण झाली. जे उरलं त्यावर डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुन्हा मांडणी केली. बर्डवुडांचा जन्म बेळगावचा. त्यांच्याबरोबर चिटणीस म्हणून उभे राहिले डॉ. भाऊ दाजी लाड, मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. समितीच्या अग्रभागी नाना शंकरशेट. राणीच्या नावानं संग्रहालय आणि बाग करायची, लोकांच्या वर्गणीतून.

१९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली. तेव्हा मुंबईत पैसा पाण्यासारखा होता, आणि तो आला होता अमेरिकेतून. तिथल्या उत्तर-दक्षिणेच्या यादवीत दक्षिणेची बंदरं कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरबाजार चढला, समुद्र भरून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतली लढाई संपली आणि मुंबई बसली. देणगीदार बुडाले. भाऊ दाजी स्वतः बुडाले. जुलैत नाना शंकरशेट वारले. संग्रहालयाच्या भिंती अर्ध्यावर राहिल्या, सरकारनं हात दिला तेव्हा पुऱ्या झाल्या. २ मे १८७२ ला दार उघडलं. भाऊ दाजी दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये गेले.

आतून इमारत बघितली की वाटतं, कर्जबाजारी शहरानं एवढा थाट केला तरी कसा. ओतीव लोखंडाचे खांब, जिन्याचे कठडे, इंग्लंडहून आणलेल्या मिंटन फरश्या, छतावर सोनेरी वेलबुट्टी. मधोमध डेव्हिड ससून यांनी दिलेला राजपुत्र अल्बर्टचा पुतळा. बाहेरचा घड्याळमनोराही ससूनांचाच. १८८६ मध्ये संग्रहालय नगरपालिकेकडे आलं आणि मग पुढची काही वर्षं त्याच्या वाट्याला पालिकेच्या इतर खात्यांसारखीच आली.

ती वर्षं मी झटकन ओलांडतो. बर्न्सच्या काळात शहरात दुसरं मोठं संग्रहालय उभं राहत होतं, फोर्टातलं प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम. तिकडे मोठी कला जाणार, टाटांचे संग्रह जाणार हे दिसत होतं. मग भायखळ्यानं करायचं काय? बर्न्सनी दिलेलं उत्तर म्हणजे ती यादी. हे घर मुंबईचं होईल. या बेटाचे नकाशे, छापे आणि फोटो एकत्र आणायचे. ज्या छाप्यांनी लंडनच्या भिंती सजवल्या, त्यांना परत त्या शहरात आणायचं जिथे त्यांचे चितारी कधी आलेही नव्हते.

बर्न्सनंतर अर्नेस्ट फर्न. या दोघांच्या काळात जे. जे. च्या कारागिरांकडून मातीच्या छोट्या मूर्ती आणि देखावे करून घेतले गेले: मुंबईतले लोक, त्यांचे पोशाख, धंदे, गावं. कलेच्या इतिहासकारांना हे देखावे पोरखेळ वाटतात, आणि त्यांत माणसांना जातीच्या खणांत मांडायची साहेबी खोड आहे हे खरंच. पण रविवारी भायखळ्याला जाऊन बघा. गर्दी तैलचित्रांपुढे नसते. ती या हातभर देखाव्यांपुढे असते, काचेला नाक लावून. बापूसही तिथेच रमला होता. "ह्यो तरी हितं बसून केलाय," म्हणाला.

इथे बसून केलेल्या मुंबईच्या चित्रांत एक नाव विसरून चालणार नाही. जुझे एम. गोन्साल्विस. नाव गोमंतकीय वळणाचं. तांब्याऐवजी दगडावर चित्र काढून छापायची विद्या, म्हणजे शिळाछाप, १८२० च्या दशकात मुंबईत आली आणि १८२६ मध्ये गोन्साल्विसनं मुंबईची शिळाछाप दृश्यं काढली. १८३३ मध्ये आणखी. किल्ल्यातलं मैदान, रस्ते, पालख्या, बैलगाड्या, झाडाखाली बसलेली माणसं. नव्वद वर्षं मुंबई बहुतेक लांबून बघितली गेली. हा माणूस रस्त्यावर उभा राहिला. चित्रं वकुबानं साधी, व्हँडरगुख्तच्या सफाईपुढे ओबडधोबडच. पण त्यांत चितारी कुठं उभा होता ते बोट ठेवून दाखवता येतं.

त्या काळी किल्ल्यातल्या मैदानात एका घुमटीखाली लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा होता. लोक त्याला फुलं वाहत, कुणी मोठा देव असेल म्हणून. हा तोच कॉर्नवॉलिस, ज्यानं १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरणागती पत्करली आणि पाच वर्षांत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन इथे आला. अमेरिकेतल्या शहरांच्या छाप्यांवरचे इंग्रजी झेंडे ज्याच्या हातून उतरले, त्याला मुंबईत हार. याच लढाईच्या काळात जर्मनीतल्या आउग्सबुर्गला हाबरमान नावाचा कोरक्या बॉस्टन आणि न्यूयॉर्कचे छापे काढून विकत होता. अमेरिका त्यानं पाहिली नव्हती, आणि त्याचं न्यूयॉर्क युरोपातल्या कुठल्याही दगडी शहरासारखं दिसतं. १९६५ मध्ये मुंबईतल्या रस्त्यांवरचे इंग्रज पुतळे काढले आणि राणीच्या बागेत आणून ठेवले. कॉर्नवॉलिसही आला. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला तो उभा आहे, काळ्या घोड्यावरच्या एडवर्ड राजाच्या शेजारपाजारी. घारापुरीचा दगडी हत्तीही याच आवारात. त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून तो इथे उभा केला. फिलाडेल्फियाच्या भाग्यात हे नाही, आमच्या भायखळ्याच्या आहे: ज्या ज्या गोष्टी जहाजावर चढायच्या राहिल्या किंवा जिथून उतरवल्या गेल्या, त्या इथे विसावल्या.

१ नोव्हेंबर १९७५ ला संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. शंभर वर्षं उशिरा, पण मिळालं. त्यानंतरची पंचवीस वर्षं मात्र इमारतीच्या छतातून पाणी आणि काचांवर धूळ अशीच गेली. कागदाला दमट हवा विषासारखी. जुन्या छाप्यावर तांबूस ठिपके उठतात, बुरशी कागदातली खळ खाते, वाळवी चौकटीच्या मागून शिरते. मुंबईच्या चार पावसाळी महिन्यांत कागद जिवंत ठेवणं हे समुद्रात मीठ कोरडं ठेवण्यासारखं काम आहे.

२००३ च्या फेब्रुवारीत महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. वास्तुविशारद विकास दिलावरी. इमारतीच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा सन्मान मिळाला, आणि ४ जानेवारी २००८ ला तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या हस्ते संग्रहालय पुन्हा उघडलं. तस्नीम झकारिया मेहता यांनी या काळात ते सांभाळलं. माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठं काम सोन्याच्या वर्खाचं नाही. वरच्या मजल्यावर कमलनयन बजाज मुंबई दालन झालं आणि मुंबईची कहाणी तिथे एका ओळीनं लागली, हे ते काम. शाळेतल्या पोराला आता सांगावं लागत नाही की हे बेट होतं; त्याला ते दिसतं. २०१४ मध्ये नव्या इमारतीच्या स्पर्धेत अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. मी शेवटचा गेलो तेव्हा त्या जागी काही उभं नव्हतं. कागदावर राहिलेली मुंबई जमवणाऱ्या घराला तोही एक कागद. मग कोविडमध्ये दारं बंद झाली, गळतीची दुरुस्ती निघाली, आणि २०२५ च्या सुरुवातीला ती पुन्हा उघडली.

खारदांडा महापालिकेत आला १९५० मध्ये. म्हणजे आमच्या घरपट्टीतला काही अंश तेव्हापासून या संग्रहालयाला जातो. बर्न्सच्या यादीचं शीर्षक 'बेट आणि शहर' एवढंच होतं, आणि त्या वेळी ते बरोबर होतं. आता बरोबर नाही. मुंबई मुलुंडपर्यंत आणि दहिसरपर्यंत गेली, पण तिच्या चित्रांचा संग्रह अजून पुष्कळसा माहीमच्या अलीकडे थांबतो. यात संग्रहालयाचा दोष मी काढत नाही. जे कुणी काढलंच नाही ते ते लावणार कुठून? लंडनच्या चिताऱ्याला दांडा माहीत नव्हता, वेल्सला तिकडे जायला वेळ मिळाला नाही, आणि आम्ही दांडेकऱ्यांनी दर्याकडे बघितलं, स्वतःकडे बघून कागदावर उतरवायची सवय आम्हाला नव्हती. आमच्याकडे आहेत ते फोटो. लग्नातले, नारळी पुनवेचे, नवी होडी पाण्यात लोटतानाचे, बोंबील सुकत घातलेल्या बांबूंपुढे उभ्या राहिलेल्या बायांचे. त्यांच्या मागे किनारा असतो: कार्टर रोडचा बांध होण्याआधीचा, खारफुटी होती तेव्हाचा, वाळू होती तेव्हाची.

बापूस गेल्यावर त्याची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा असा एक फोटो मिळाला. होडी, पाच माणसं, मागे माडांची रांग. पाचांतली दोन नावं गावात कुणालाच सांगता आली नाहीत. फोटो जमिनीवरून काढलाय की दुसऱ्या होडीतून, यावर माझं आणि धाकट्या भावाचं एकमत होत नाही.

म्हणून दांड्यात, चिंबईत, वेसाव्यात, जुहूत ज्यांच्या घरी असे फोटो असतील त्यांना एवढंच सांगणं. ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, दमट भिंतीपासून लांब ठेवा, आणि घरात नावं सांगणारं कुणी आहे तोवर प्रत्येकाच्या मागे लिहून घ्या: साल, माणसं, होडीचं नाव, आणि फोटो काढणारा कुठं उभा होता. शाईनं लिहू नका, पुढच्या बाजूला फुटते. मऊ पेन्सिल घ्या.